परडीत अकरावी

मंगळवारची सकाळ. सुपातली ज्वारी निम्मी पाखडून झाली होती, तेवढ्यात सोनाली दारात येऊन उभी राहिली.

"कडूआजी, बाबा म्हणले दहावी झाली, आता बास."

कडूबाईनं सूप तसंच खाली ठेवलं. दर शनिवारी देवळाच्या ओसरीवर ती तामलवाडीच्या पोरींना पासबुक वाचायला, व्याज काढायला शिकवायची. सोनाली त्यांतली सगळ्यात चलाख. तीच घरी बसली, तर बाकीच्यांना बसवायला गावाला निमित्तच मिळणार होतं.

मंगळवारी जोगवा मागायचा कडूबाईचा नेम. गळ्यात कवड्यांची माळ, हातात देवीची परडी. आज ती पहिल्यांदा सोनालीच्याच दारात गेली.

"आई राजा उदो उदो."

सोनालीची आई वर्षाराणी पीठ घेऊन आली. कडूबाईनं परडी मागं घेतली.

"पीठ नको. आज सोनालीची अकरावी घाल."

खाटेवरचा महारुद्र, सोनालीचा बाप, हसला. "मावशी, देवीनं कॉलेज कवा काढलं?"

"देवीचं मी बघते. तू फायनान्सवाल्याच्या ट्रॅक्टर-कर्जावर सही केलीस का?"

"उद्या करतो. दहा टक्के, लई स्वस्त हाय. अन् हिशेब फोन बी करतो, त्याला कॉलेज कशाला?"

सोनाली कडूबाईच्या मागनं बोलली, "बाबा, हप्त्यागणिक मुद्दल फिटत जाणार, पण व्याज शेवटपर्यंत पहिल्या रकमेवरच धरलंय. खरं व्याज अठराच्या घरात जातंय. बँकेत विचारून बघा."

"फोनला काय विचारायचं, ते कळायला शिकावं लागतं," कडूबाई म्हणाली.

"पोरगी बापाला शिकवणार व्हय? लोक काय म्हणतील?"

"लोक तुझे हप्ते भरणार हायत का?"

महारुद्राचं हसू गेलं. "न्हाय म्हणलं की न्हाय. पीठ घ्या, अन् चला फुडं."

"रित्या परडीनं म्या हलत न्हाय. बघू दे गावाला, महारुद्राच्या दारात देवी ताटकळली ते."

वर्षाराणी आत गेली. सोनालीची गुणपत्रिका आणि शाळा सोडल्याचा दाखला घेऊन आली, दोन्ही कागद परडीत ठेवले आणि परडीच्या पाया पडली. महारुद्र झटक्यानं उठला, हात पुढं केला, अन् तसाच मागं घेतला. देवीच्या परडीत पडलेलं कुणी परत काढत नाही.

"बायका-बायकांनीच ठरवलं म्हणा की," तो पुटपुटला.

"व्हय. आता तू बँकेत जाऊन व्याज विचार."

मग कडूबाई सोनालीकडं वळली. "चप्पल घाल."

अकरावीच्या अर्जासाठी दोन्ही कागदांच्या झेरॉक्स काढायला तुळजापूरला जायचं होतं.