तिघांच्या कोचावरची ओतीलिया

पोर्तुगालच्या लामेगो गावात माझी बेकरी आहे. हॅम भरलेला पाव भट्टीतून काढताना समोर सेन्योर आबिलियोंचं कापडाचं दुकान दिसायचं, आणि दुकानावर त्यांचं बिऱ्हाड. त्यांची थोरली मुलगी ओतीलिया माझ्याच वयाची. तिला आयुष्यात फार काही नको होतं. कुणाच्या तरी घरात आपली म्हणता येईल अशी एक जागा हवी होती, बस. त्या जागेचं काय झालं ते सांगते. गोड करून सांगायला मला जमत नाही, ते आधीच सांगून ठेवते.

आई गेली तेव्हा ओतीलिया कोवळी पोर, आणि पाठीवर ग्रासिंदा आणि आल्दा. सेन्योर आबिलियोंनी पदरातल्या तीन मुलींकडे पाहिलं आणि ते एका बुडालेल्या सरदार घराण्याच्या लिलावातून कोच घेऊन आले. दोघांचे नागमोडी पाठीचे कोच तेव्हा बऱ्याच घरांत होते. हा तिघांचा होता. अक्रोडाच्या लाकडाच्या तीन बैठका मधोमध जोडलेल्या, तिन्हींची तोंडं तीन दिशांना, वर लाल मखमल. दोन बैठका लग्नाआधी भेटणाऱ्या जोडप्यासाठी आणि तिसरी पहाऱ्याला बसणाऱ्या बाईसाठी. तिची पाठ जोडप्याकडे आणि कानही जोडप्याकडे. अशा बाईला आमच्याकडे 'टोपाची काठी' म्हणतात. केसांचा टोप मिरवायचा दुसऱ्याने, तो अडकवायच्या काठीने आपलं कोपऱ्यात उभं राहायचं.

"तिसऱ्या बैठकीवर तू बसायचंस," बापाने ओतीलियाला सांगितलं. "तू समजूतदार आहेस."

समजूतदार म्हटलं की त्या बाईचं वाटोळं झालंच म्हणून समजा.

ग्रासिंदासाठी आर्मांदो यायला लागला, पोर्तोच्या बँकेतला कारकून. दर रविवारी चर्चनंतर हजर. ती दोघं बसायची आणि ओतीलिया त्यांच्याकडे पाठ करून मोजे विणायची. सोमवारी पाव घ्यायला आली की मी तिला छेडायचे.

"काय गं, काल काय काय ऐकलंस?"

"त्याच्या साहेबाला मूळव्याध आहे."

"आणि?"

"आणि काय! दोन तास मूळव्याध. ही म्हणते, किती छान बोलतात!"

हसायची ती, पण विणकाम खरंच छान करायची. आर्मांदोच्या पायात लग्नानंतर कित्येक वर्षं तिचेच मोजे होते.

साखरपुड्याच्या दिवशी ग्रासिंदाने सगळ्यांसमोर बहिणीला मिठी मारली. "माझं घर झालं की हा कोच मी नेणार, आणि कोचाबरोबर ओतीलियालाही. हिची जागा माझ्या घरात पक्की!" माझी आई तिथे होती, मी होते. ओतीलियाचा चेहरा मी पाहिला. कुणी बोलता बोलता सोडून दिलेला शब्द तिने पदरात गाठ मारून ठेवला.

नाही म्हणायला तिच्यासाठीही एकजण आला. बेल्मिरो, घड्याळं दुरुस्त करणारा विधुर. दुकानातलं घड्याळ बिघडलेलं नसलं तरी उघडून बघायचा. बापाने परवानगी दिली. पण नियम तो नियम. तिसऱ्या बैठकीवर घरचं माणूस हवं. ग्रासिंदा पोर्तोला, तीही बाळंतपणाला टेकलेली. राहिली आल्दा.

"मी? मी टोपाची काठी?" आल्दा कडाडली. "लोक म्हणतील, आल्दाला कुणी विचारत नाही! मी नाही बसायची."

मी म्हटलं, मी बसते. त्यावर सेन्योर आबिलियो म्हणाले, "बेकरीवाल्याच्या मुलीने माझ्या घराची अब्रू राखायची? असं कुठे असतं का?"

मग ते स्वतःच बसले. तीन माणसं तीन दिशांना तोंड करून, आणि बोलणारा एकच. सुताचा भाव, नगराध्यक्षाचा मूर्खपणा, पुन्हा सुताचा भाव. एका रविवारी त्यांना डुलकी लागली. बेल्मिरोने खाकरून घसा साफ केला आणि तो म्हणाला, "दोना ओतीलिया, मला तुम्हाला विचारायचं होतं..."

"काय म्हणालात?" म्हातारा ताडकन जागा झाला.

"काही नाही. घड्याळ जरा मागे पडतंय म्हटलं."

पुढचे काही रविवार तो आला, मग नाही आला. रेग्वाच्या एका औषधवाल्याच्या बहिणीशी त्याने लग्न केलं. मी बापाला आणि आल्दाला लाखोली वाहिली तर ओतीलियाच मला गप्प करायला लागली. "जाऊ दे गं. ग्रासिंदाकडे माझी जागा आहेच."

आल्दाचं लग्नही तिने त्याच बैठकीवर बसून लावून दिलं. आल्दा नवऱ्याबरोबर आफ्रिकेत, लुआंडाला गेली ती गेलीच. मग बाप म्हातारा झाला, आजारी पडला, ओतीलियाने त्याचं सगळं केलं. तो गेल्यावर घरमालकाने घर परत मागितलं. पोर्तोहून ट्रक आला तेव्हा ओतीलिया कोट घालून, बॅग घेऊन दारात उभी.

"मला फक्त कोच सांगितलाय," ड्रायव्हर म्हणाला.

आमच्या बेकरीत फोन होता. ग्रासिंदा फोनवर म्हणाली, "अगं, आधी कोच तर लागू दे घरात, मग तुझं बघू." तेवढ्यापुरती म्हणून ओतीलिया माझ्या माडीवरच्या खोलीत आली. बॅग तिने उघडलीसुद्धा नाही. लागेल तेवढं वरचं वर काढायची आणि पुन्हा बंद करायची.

द्राक्षांची तोडणी सुरू झाली तेव्हा तोच ट्रक परत आला. गोणपाटात गुंडाळलेलं काहीतरी ड्रायव्हरने उतरवलं आणि सोडलं तर ते कलंडलं. लाल मखमलीची तिसरी बैठक. आतल्या बाजूला पाय नाही, नुसता करवतीचा पांढरा काप.

"हॉलमध्ये मावत नव्हता," ड्रायव्हर बिचारा खाली बघत म्हणाला. "बाईसाहेब म्हणाल्या, दोघांचाच शोभतो. सुताराकडून कापून घेतला. हे तुम्हाला आठवण म्हणून पाठवलंय."

"आणि माझं काही म्हणाली?"

"तुमचं नाही काही म्हणाल्या, दोना."

माझ्या नवऱ्याने त्या खुर्चीला पाय बसवून दिला. ओतीलियाने त्या दिवशी बॅग रिकामी केली. खाली मला कपाटाचे खण उघडल्या-मिटल्याचे आवाज येत होते. त्या आवाजांनी मला जेवण गेलं नाही.

मग काही वर्षांनी ग्रासिंदा उगवली. स्वतःची गाडी, हातांत हातमोजे, बरोबर केक. माडीवर आली आणि हातातली पर्स तिने त्याच खुर्चीवर टाकली. ओळखली तरी का, देव जाणे. आधी कोचाचं कौतुक झालं. खिडकीपाशी ठेवलाय, पिवळं भरजरी कापड घातलंय, येणारा-जाणारा बघत राहतो.

"बसायला कसा आहे?" मी विचारलं.

"छे, बसतंय कोण! कापड चुरगळतं." मग ती बहिणीकडे वळली. "ओतीलिया, माझ्या नोएमियाला आता एक मुलगा भेटायला येतो. डॉक्टरांचा मुलगा आहे. त्यांच्याकडे सगळं जुन्या वळणाचं, जवळ कुणीतरी जाणतं हवं. मला कुठे वेळ असतो! तू चल. तुझ्यासाठी खोली तयार केलीय."

ओतीलिया कॉफी ओतत होती. किटली तिने खाली ठेवली.

"लग्न झाल्यावर?" तिने विचारलं.

"ते तेव्हाचं तेव्हा बघू की."

"आणि मी बसू कुठे?"

"म्हणजे?"

"ती दोघं कोचावर. मी बसू कुठे, ग्रासिंदा?"

"अगं, एखादं स्टूल ठेवू की!" ग्रासिंदा हसून म्हणाली. तिला खरंच काही कळलं नव्हतं.

ओतीलियाने खुर्चीवरची पर्स उचलली, बहिणीच्या हातात दिली, आणि स्वतः त्या खुर्चीवर बसली. "माझी जागा तू इकडे पाठवलीस," ती म्हणाली. "आता मी नाही येत."

उभ्या जन्मात तिने कुणाला दिलेला तो पहिला नकार. मला तर तिला मिठी मारावीशी वाटली. गाडी कोपऱ्यावरून वळेपर्यंत मी खिडकीतून बघत राहिले, आणि शाबासकी द्यायला मागे वळले.

ओतीलिया तशीच बसली होती, भिंतीकडे तोंड करून. डोळ्यांतून धार लागली होती.

"खोली तयार केली होती म्हणाली," ती म्हणाली. "तिला खिडकी असेल का गं, इदालीना?"