डबा हलवणाऱ्या मावशी

लॅबची गाडी ऐनवेळी बंद पडली, म्हणून कित्येक महिने खपून बनवलेले प्रथिनांचे स्फटिक मी ठाण्याच्या खोपट डेपोतून एसटीने पुण्याला नेत होते. थर्माकोलचा डबा अजिबात हलता कामा नये, म्हणून मी तो मांडीवर धरलेला. शेजारच्या अनोळखी मावशींनी तो सरळ ओढून स्वतःच्या मांडीवर घेतला.

"दे गं, हात भरून येतील तुझे."

वर त्यांनी शेवंतीच्या फुलांची पिशवी ठेवली. मी ती उचलली, त्यांनी परत ठेवली.

"काय आहे यात?"

मी सांगितलं, "रोगांशी लढणाऱ्या पेशींच्या अंगावरची दोन प्रथिनं. एकाने दुसऱ्याला धरलं की चवताळलेली पेशी शांत होते. नेमकं कुठे धरतं, ते क्ष-किरणांनी बघायचंय."

"एवढंच ना?" असं म्हणत मावशींनी डबा कानाशी नेला आणि नारळ बघतात तसा खळाखळा हलवला.

मी त्यांच्यावर ओरडले. शीळफाट्याच्या खड्ड्यात गाडी आदळली, तेव्हा ड्रायव्हरवरही ओरडले. मावशींनी माझं मनगट घट्ट धरलं.

"ओरडून खड्डे बुजतात का गं?"

हात झटकून टाकावा इतका राग आलेला. पण लोणावळ्याला त्या उतरेपर्यंत मी शांत बसून होते.

पुण्यात डबा उघडला, तर सगळे स्फटिक तडकले होते. पेशीला कुठे धरलं की ती शांत होते, ते मला अजून कळलेलं नाही. मला कुठे धरायचं ते त्या बाईला न विचारता कळलं, याचा संताप जास्त आहे.