आवं

चंद्राबाईंनी नवऱ्याचं नाव आयुष्यात एकदाच घेतलं. लग्नात, उखाण्यात, तेही नणंदांनी दार अडवलं म्हणून. पुढची चाळीस वर्षं ‘आवं’ या एका शब्दावर संसार झाला. कोरेगावच्या बाजारात हाक मारली तरी गर्दीतून नेमके तेच वळून बघायचे. ते जाऊन दोन वर्षं झाली.

मुलगा जयराज कराडला नोकरीला. त्यानं टीव्हीला जोडायचा डबा आणला आणि वडिलांचे मोबाईलवर घेतलेले व्हिडिओ त्यात त्यांच्याच नावाच्या कप्प्यात भरले: उसाला पाणी पाजताना, म्हशीला दटावताना. आईला बारीक अक्षरं दिसत नाहीत, म्हणून रिमोटमध्ये बोलून लावायची सोय होती. एकटीला जमलं तर ठेवायचा, नाहीतर दहा दिवसांत परत.

आज दहावा दिवस. दुपारची जेवणं झाल्यावर सून पल्लवीनं रिमोट हातात दिला.

“आत्या, हे बटण दाबा आणि म्हणा, लालासाहेब.”

“न्हाई म्हणायची.”

“नऊ दिवस झाले हेच! आता कोण रागवणार हाय?”

“रागाला भिऊन कवा नव्हतं घेतलं मी. माजं मी ठेवलंय. डब्याला कशाला दिऊ?”

“मग काय म्हणणार?”

चंद्राबाईंनी बटण दाबलं. “आवं!”

पडद्यावर अक्षरं उमटली. पल्लवीला हसू फुटलं. “‘हवं’ लिहिलंय त्यानं. जरा नीट म्हणा की.”

“नीटच म्हणलंय. तुजा सासरा ह्याच हाकंला ओ द्यायचा. ह्याला कान न्हाईत त्याला मी काय करू?”

दोनदा, तीनदा. दरवेळी ‘हवं’च. चंद्राबाई आवाज चढवत गेल्या, शब्द मात्र तसूभर हलला नाही. शेवटी पल्लवीनंच हार मानली. व्हिडिओंच्या कप्प्यावरचं सासऱ्यांचं नाव पुसलं आणि तिथं लिहिलं: हवं.

“आवं,” चंद्राबाई म्हणाल्या.

पडदा उजळला. पाटाच्या कडेला, गुडघ्यापर्यंत धोतर खोचून ते उभे होते. चंद्राबाईंनी पदर नीट केला.

संध्याकाळी जयराजचा फोन आला. “मग आई, जमलं का? का परत धाडू?”

“ऱ्हाऊ दे.”

“बघ, शिकलीस का न्हाई!”

“मी कशाला शिकू?” चंद्राबाई म्हणाल्या. “त्यो शिकला.”