दिनेशभाऊ सात मिनिटं गप्प बसले

"तुझं नाव काय?" मी मुलीला विचारलं.

"गार्गी," तिचे वडील दिनेशभाऊ म्हणाले.

"कितवीत आहेस?"

"अकरावी. नीटचा क्लास आहे," पुन्हा वडीलच.

मी काउन्सेलर. म्हणजे औषध न देता, बोलून काम करणारी. इथे माझं कामच दिनेशभाऊंनी घेतलं होतं. नागपूरजवळच्या वाडीला त्यांचं ट्रान्सपोर्टचं गोडाऊन. ट्रकच्या आवाजावर आवाज काढायची सवय.

"मॅडम, घाबरायला होते म्हणते, पण हिले काही नाही झालं. मोबाईल पाहून राहते, जेवत नाही बराबर. आम्ही काहून नाही घाबरलो कधी?"

घरी उपाय झाले होते. आईने मीठ-मोहरी ओवाळली. बाबांनी बी-ट्वेल्व्ह तपासलं, मोबाईल काढून घेतला आणि लेकीच्या खोलीत नवा कूलर लावला. सगळं प्रेमानेच, हे मला दिसत होतं. राग तरीही आला.

आईबाबांना बाहेर बसवलं तेव्हा गार्गी म्हणाली, "मॅम, अजून एकदा सांगून पाहते त्यांले. नाही ऐकलं तर मंग कधीच नाही सांगणार."

याची मला भीती वाटते. बोलायचं सोडून दिलेलं मूल पुन्हा उघडायला फार वेळ लागतो.

पुढच्या गुरुवारी गार्गी आणि तिची आई आधीच येऊन बसल्या होत्या. दिनेशभाऊ गोडाऊनमधून थेट धावत आले, गालात ताजा खर्रा. खर्रा म्हणजे सुपारी, तंबाखू आणि चुना पन्नीत घोटून केलेला आमच्या नागपूरचा ऐवज. तो भरला की माणूस हनुवटी वर करून फक्त "हं, हं" करू शकतो. माझ्या क्लिनिकमध्ये खर्र्याला बंदी आहे. त्यांनी खुणेने बेसिन विचारलं.

"दोन मजले खाली," मी म्हणाले. "बसा हो भाऊ, आधी हिचं होऊ द्या."

बेसिन माझ्या मागच्या दाराआडच होतं.

गार्गीने माझ्याकडे पाहिलं आणि सुरुवात केली. "क्लासचा जिना चढताना श्वास अडकते, बाबा. हात थंडे पडतात. वाटते, आता मरते. मंग मी बाथरूममध्ये नळ सुरू करून रडते, कोणाले ऐकू नको यायला म्हणून."

याला पॅनिक अटॅक म्हणतात. धोका समोर नसतो, पण शरीर धोक्याची घंटा वाजवतं. ते नाटक नसतं.

दिनेशभाऊंचं बोट वर गेलं. हनुवटीही गेली. "हं..." मग बोट खाली आलं.

"तुम्हाले सांगतलं तर तुम्ही कूलर आणला. मले कूलर नव्हता पाहिजे."

सात मिनिटं झाली. मी मागचं दार दाखवलं. त्यांनी माझ्याकडे जे पाहिलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. चूळ भरून, तोंड धुऊन ते परत आले. डोळेही धुतले असावेत.

"कवापासून होऊन राहिलं हे?" त्यांनी विचारलं. त्यांचा लेकीला विचारलेला पहिला प्रश्न.

"दिवाळीपासून."

"मी तर म्हणतच होती..." आईने सुरू केलं.

"थांब वं. तिले बोलू दे."

त्यानंतर मनोविकारतज्ज्ञ झाले, थोडी औषधं झाली, माझ्याकडे चार महिने येणं झालं. गार्गी आता क्लासला जाते. कधी जिन्यात थांबते, श्वास मोजते, पुन्हा चढते. वाईट दिवस असला की घरी सांगते.

सगळ्याच पालकांच्या गालात खर्रा नसतो, आणि नसावाच. म्हणून हल्ली मी सांगते, उपाय सुचला की मनात वीसपर्यंत मोजा. बहुतेकांना पंधराच्या आत कळतं, मुलाचं वाक्य अजून संपलेलं नव्हतं.