काकांचं ‘होऊन गेलंय’

परंड्यात किल्ल्याच्या खंदकापासून एस.टी. स्टँडापर्यंत कुणालाही विचारा, आमच्या शेजारच्या काकांइतका आजारांचा अभिमान बाळगणारा माणूस सापडणार नाही. इतर लोक आपलं शिक्षण सांगतात, नोकरी सांगतात; काका बालपणीचे आजार सांगतात. गोवर, कांजिण्या, गालगुंड, डांग्या खोकला. प्रत्येकाचा उल्लेख घरी मुक्कामाला येऊन गेलेल्या पाहुण्यासारखा. गोवर म्हणे तापट होता, डांग्या खोकला चिवट, गालगुंड मात्र थट्टेखोर. त्यानं काकांचा चेहरा असा काही फुगवला की सख्ख्या चुलत्यानं ‘हे पोरगं कुणाचं?’ म्हणून विचारलं. या साऱ्या कथा एकाच ठिकाणी येऊन थांबतात. छातीवर पंजा टेकवून काका म्हणतात, “आपलं होऊन गेलंय!”

एकदा आलेला आजार पुन्हा उंबरा ओलांडत नाही, या श्रद्धेच्या बळावर ते गल्लीतल्या प्रत्येक तापलेल्या अंथरुणाशी निर्भयपणे जाऊन बसतात. लसी आल्यापासून गोवर इकडे फारसा फिरकत नाही. पण लस टोचायच्या दिवशी रडणारं बाळ काकांच्याच मांडीवर असतं. “रडू नको रं, तुझं न येताच होऊन गेलं बघ,” अशी त्याची समजूत काढतात. माझ्या लेकीला कांजिण्या आल्या तेव्हा ते रोज आले. आयुष्यभर कापडाच्या दुकानात तलम आणि जाडंभरडं पारखलेला तो हात कडुनिंबाची डहाळी तिच्या अंगावरून इतकी अलगद फिरवायचा, की खाजेनं कावलेली पोर त्या कडवट, हिरव्या वासात झोपी जायची.

कांजिण्यांना आमच्याकडे नावानं हाक मारत नाहीत. माता आली म्हणतात. दाराला कडुनिंब लागतो, चपला उंबऱ्याबाहेर राहतात, आवाज मऊ होतात. फोडणी नाही, तळण नाही, मटण नाही. या नियमांचे काका कडवे पहारेकरी. एकदा मी सवयीनं कढई चुलीवर ठेवली, तर मोहरीची पहिली तडतड त्यांनी गल्लीतून ऐकली.

“पोरी, उतरव ते तेल! माता घरात हाय अन् तू मोहरी फोडतीस व्हय?”

मी कढई उतरवली. लेक बरी झाली. आणि मग थंडीतल्या एका सकाळी, शेजारून दूध उतू गेल्याचा करपट वास आला. कुणी धावेना म्हणून मी डोकावले, तर काका ओट्यावर बसलेले. एवढ्या गारठ्यात सदरा घामानं पाठीला चिकटलेला, चेहरा राखेसारखा, आणि तोच पंजा छातीवर, पण मुठीसारखा आवळलेला. काकू त्यांच्या पाठीवर हात फिरवत नुसत्या “अहो, अहो” म्हणत होत्या. बार्शीच्या दवाखान्यात नेलं. झटका सौम्य होता, वाचले. डॉक्टरांनी निक्षून सांगितलं: तंबाखू बंद, तेल-मीठ बेतानं, मटण नको, रोज चालायचं, रक्तदाब नि साखर तपासायची, गोळ्या चुकवायच्या नाहीत. काकांनी अत्यंत अदबीनं सगळं ऐकून घेतलं, घरी आले, आणि ओट्यावर जमलेल्या मंडळींना म्हणाले, “आलं, गेलं. त्येचंबी आता होऊन गेलंय!”

हा आजार कांजिण्यांसारखा नव्हे, एकदा आला की उलट जास्त जपायचं असतं, हे मी परोपरीनं सांगितलं.

“तू शाळंत मराठी शिकवतीस का डागदरी?” काकांनी तंबाखू मळता मळता विचारलं.

मग शेळीच्या मटणाची लालभडक तर्री पानात परतली, पाकात डुंबलेले खव्याचे गुलाबजाम परतले. भिंतीपलीकडे त्यांचा खोकला ऐकू आला की मला काळजी वाटे, आणि तो थांबला की त्याहून जास्त. काकूंचं तर जेवणच उडालं. काका दुपारी आडवे झाले की त्यांच्या सदऱ्याच्या चढउतारावर नजर ठेवून त्या बसून राहत.

एका सकाळी मात्र त्यांच्या दाराला कडुनिंब दिसला, ताजा, दवानं भिजलेला. बाजारातून आलेले काका दारातच थबकले.

“कुणाला आली माता?”

“तुमाला,” काकू आतून म्हणाल्या.

“मला? येडी का काय! आपलं तर होऊन—”

“अंगावरनं गेली. छातीत बसलीय.” काकू उंबऱ्याशी आल्या. आवाज मऊ होता. “डागदरांनी काय सांगितलं? तेल न्हाय, मटण न्हाय, तंबाखू न्हाय. माता घरात असल्याबिगर असं कोण सांगतं? सांगा की!”

सबंध गल्लीचा हा पहारेकरी स्वतःच्याच नियमांत सापडला होता. मग ते नाल्याकडे वळले, गालातली तंबाखू थुंकून आले, आणि चपला उंबऱ्याबाहेर काढून हळूच आत गेले.

त्या दिवसापासून काकू गोळ्या अंगाऱ्यासारख्या त्यांच्या तळहातावर ठेवतात आणि काका त्या डोळे मिटून घेतात. कडुनिंब सुकला की नवा येतो. परवा भिंतीवरून वाकून ते मला दबक्या आवाजात म्हणाले, “पोरी, कांजिण्यांची माता आठवडाभरात जाती. ही कवा जायाची गं?”

खरं उत्तर मला देववेना. “काकूंना विचारा ना,” मी म्हटलं.

“इचारलं की.” त्यांनी बोटांत कडुनिंबाचं एक पान चुरलं. “म्हणली, तुमी हायसा तवर ऱ्हाऊ द्या तिला.”

आतून काकूंनी चालायला जायची आठवण केली. काकांनी चपला घातल्या आणि किल्ल्याच्या वाटेनं निघाले, सावकाश, मध्येच थांबत. काकू दाराशी येऊन उभ्या राहिल्या. वळणापाशी ते दिसेनासे झाले, तरी त्या आत गेल्या नाहीत. मीही नाही.