नाटक उर्दूत, प्रॉम्प्टर मराठीत

अख्ख्या निजामी मुलखात नाटकापायी इतका पेटलेला माणूस दुसरा झाला नसेल, आणि झालाच असेल तर त्याला आमच्या आत्यासारखी बायको खचित मिळाली नसेल. मी सांगतेय आमच्या आतोबांबद्दल, म्हणजे आत्याच्या यजमानांबद्दल. परंड्याच्या सरकारी शाळेत ते उर्दूतून भूगोल शिकवत. माझं सासर त्यांच्या घरापासून चार घरं पलीकडं, त्यामुळं त्यांची व्याख्यानं मी ज्वारी निवडत फुकटात ऐकली आहेत. हद्द ओलांडून बार्शीला नाटक बघून आले की अंगात वारं भरल्यासारखे ते अंगणातूनच ओरडत यायचे, "अगं, छातीत कट्यार घुसली आणि गडी तीन पदं गायला! गात गात मरणारा माणूस परंड्यात कुणी बघितलाय का?" त्यांच्या मते नव्या नाटकात राजा नको, राक्षस नको, गाणं तर मुळीच नको. माणसानं घरात बोलतो तसंच रंगमंचावर बोलावं. "ज्या लोकांना आपलंच बोलणं रंगमंचावर ऐकू येत नाही, त्यांचा देश अजून जन्मायचाय!" असं म्हणत ते उंबऱ्यावर काठी आपटायचे. आत्या आतून म्हणायची, "जन्मला की सांगा, बारशाला घुगऱ्या करते. आत्ता पाय धुवा."

एकदा त्यांनी मराठीतले फारसी शब्द टाकून देण्याची शपथ घेतली. सकाळी घेतली आणि दुपारपर्यंत मुके झाले! कारण बाजार फारसी, दुकान फारसी, कागद फारसी, शाईसुद्धा फारसी. नेमका त्याच दिवशी चष्मा सापडेना, आणि चष्मा हाही शब्द तिकडचाच. "अगं, माझं उपनेत्र बघितलंस का?" म्हणून ते घरभर चाचपडत फिरले. आत्या शांतपणे म्हणाली, "तुमचं उपनेत्र काय असंल ते तुम्ही हुडका. मला आपला कपाळावर चढवलेला चष्मा दिसतोय." शपथ तिथंच मोडली. पण पुढं आठवडाभर ते बाजारात गेले की भाजीवालीचं, बागवानाचं, शेंगा विकणाऱ्याचं बोलणं कान टवकारून ऐकायचे, आणि घरी येऊन म्हणायचे, "हेच, हेच नाटकात पाहिजे!"

अखेर त्यांनी स्वतःच नाटक लिहिलं. त्यात एक आई, एक मुलगा आणि एक चूल. मुलगा गाव सोडून निघालेला, आई त्याला अडवते, भांडते आणि शेवटी जाऊ देते. बस्स, एवढंच! आईचं काम किराणा दुकानदार अप्पांकडं आलं. अप्पा घरात कानडी, दुकानात मराठी आणि गिऱ्हाइकाशी दखनी बोलणारे. एवढ्या भाषा बोलणारा माणूस मिशी काढायला मात्र कुठल्याच भाषेत तयार होईना. "मास्तर, लई झालं तर तोंडावर पदर घेतो, पर मिशीला हात न्हाय लावू देनार!" त्यामुळं त्या नाटकातली आई पहिल्यापासून शेवटपर्यंत पदर तोंडावर धरून रडणार होती. पाठांतराची काळजी कुणालाच नव्हती. त्या काळी नट पाठ करत नसत. विंगेतून प्रॉम्प्टर सांगायचा आणि नट म्हणायचा. प्रॉम्प्टर अर्थातच आतोबा.

परवानगीसाठी नाटक उर्दूत लिहून कचेरीत द्यावं लागे. आतोबांनी रात्रंदिवस खपून तेही केलं. मंजुरी आली आणि आम्ही पेढे वाटले! दोन दिवसांवर प्रयोग असताना अमीनसाहेब, म्हणजे पोलीस ठाण्याचे अंमलदार, दारात हजर. "मास्टर, मंजुरी उर्दू ड्रामेकू है. मराठी का कागज किधर है? स्टेज पे मराठी का एक लफ्ज आया, तो खेल बंद और तुम्हारी नौकरी बी गयी." आतोबा मटकन खाली बसले. आपल्या माणसांचं बोलणं रंगमंचावर आणायला अर्धं आयुष्य घातलं, आणि आता ते बोलणंच बंद! आत्याला वेगळाच घोर. "नोकरी गेली तर खायचं काय? नाटक?" त्या दिवशी चूलच पेटली नाही हो आमच्या आत्याकडं. संध्याकाळी मी भाकरी घेऊन गेले, तर आतोबा अंगणात नाचायचेच बाकी! "स्टेजवर नको ना? मग विंगेतून चालेल!"

सरकी भरायच्या शेडमध्ये, दिवस मावळायच्या आत संपवायच्या अटीवर नाटक सुरू झालं. पहिल्या रांगेत अमीनसाहेब, हातात मंजुरीची उर्दू प्रत. विंगेतून आतोबांचा खणखणीत आवाज आला, "अरे, भाकर तरी खाऊन जा!" त्यावर रंगमंचावर अप्पा पदराआडून म्हणाले, "अरे, रोटी तो खाके जाव!" असं प्रत्येक वाक्य! आतून मराठी, बाहेर दखनी. लोकांना कळायला दोन मिनिटं लागली, मग अख्खी शेड नटांना सोडून विंगेकडं मान वळवून बसली. चिकाच्या, म्हणजे बांबूच्या पट्ट्यांच्या पडद्याआड आम्हा बायकांचे तर हसून हसून डोळे गळत होते. विंगेला वन्स मोअर मिळालेला मी जन्मात तेवढाच बघितला! अमीनसाहेबांनी उठून विचारलं, "ये अंदर से कौन चिल्लाता?" मुलाचं काम करणारा नट अदबीनं म्हणाला, "प्रॉम्प्टर, साहब. हर ड्रामे में रहता." त्यांनी कागद उलटसुलट करून पाहिला. त्यात प्रॉम्प्टरबद्दल काहीच नव्हतं. ते बसले.

शेवटचा प्रवेश आला. मुलगा उंबऱ्याबाहेर पडला, आईचं अखेरचं वाक्य आलं, आणि विंगेत सगळं चिडीचूप. स्वतःच लिहिलेलं ते वाक्य सांगायचं सोडून आतोबा वहीत तोंड खुपसून रडत होते. अप्पा एकदा विंगेकडं, एकदा आमच्याकडं बघायला लागले. तेव्हा अमीनसाहेबांनी हातातली प्रत डोळ्यांजवळ नेली आणि पहिल्या रांगेतून हळूच सांगितलं, "जाव बेटा. मगर जिस बोली में रोटी मांगते थे, वो मत भूलना." आता दुपारभर अप्पांना सवय कशाची? ऐकायचं एका भाषेत आणि म्हणायचं दुसऱ्या. कानावर उर्दू पडलं आणि बिचारे मराठीत बोलून गेले, "जा लेकरा. पर ज्या बोलीत भाकर मागत व्हतास, ती इसरू नगंस." पदर सुटला, मिशी उघडी पडली, तरी कुणी हसलं नाही. आत्यानं माझा हात घट्ट धरला. गेली नोकरी!

अमीनसाहेब खुर्चीवरून उठले. मग प्रत घडी करून खिशात घातली, म्हणाले, "अम्मी बी अइसाच बोल्ती थी. परदा गिराव, मगरिब हो गयी." आणि संध्याकाळच्या नमाजाला निघून गेले. नोकरीबद्दल पुढं कधी कुणी अवाक्षर काढलं नाही.

निजामी गेली. आतोबांनी तेच नाटक पुन्हा केलं, आता उघड मराठीत, दिवे लावून, विनापरवानगी. अप्पा थकले होते, आई झाला एक नवा तरुण. त्याला सगळं तोंडपाठ. तरीही आतोबा वही घेऊन विंगेत बसले, आणि पहिल्या रांगेतल्या एका खुर्चीवर त्यांनी कुणाला बसू दिलं नाही. अमीनसाहेब हैद्राबादला गेले असं कुणी म्हणे, कुणी म्हणे त्याहून लांब. त्या नव्या पोरानं आईचं शेवटचं वाक्य न अडखळता म्हटलं आणि टाळ्यांनी मांडव दणाणला. आतोबा विंगेतून आले ते चिडूनच. "लई घाई केलीस रे. तिथं जरा थांबायचं होतं."

"का हो मास्तर? मला पाठ होतं की."

"तुला होतं रे," आतोबा त्या रिकाम्या खुर्चीकडं बघत म्हणाले, "पण समोरून कुणी सांगतंय का, ते तरी बघायचं होतंस."