दोन दारांची निळी गाडी

माझ्या गाडीला दोनच दारं आहेत, आणि ही गोष्ट आमच्या इमारतीत माझ्या लग्न न करण्याइतकीच चघळली गेली आहे. 'बाकीची दोन कुठे ठेवली?' हा विनोद पार्किंगमध्ये मला इतक्या जणांनी ऐकवलाय, की हल्ली समोरच्याने तोंड उघडायच्या आत मीच सांगून टाकते, बाकीची दोन माळ्यावर आहेत म्हणून.

गाडी निळी आहे. बुटकी, लांब नाकाची, छप्पर मागे उतरत गेलेलं. मागची सीट नावापुरती. तिच्यावर माझी छत्री, डब्याची पिशवी आणि मुलांच्या पेपरांचे गठ्ठे बसतात. मी दादरला गणिताचे क्लास घेते. पन्नाशी उलटलेल्या, चष्मेवाल्या बाईने अशी गाडी घ्यावी हे बऱ्याच लोकांना पचलं नाही. मला मात्र ते फारच छान पचलं. आयुष्यभर सगळ्यांनी मला शहाण्यासारखं वागताना पाहिलं होतं, एकदा वेड्यासारखं वागायचा माझा हक्क होताच.

पहिले काही महिने गेले आणि गाडीची खरी ओळख झाली. स्पीडब्रेकरवर ती सरळ घालायची नाही, तिरकी घालायची, नाहीतर पोट घासतं. दार लांबलचक आहे, त्यामुळे अरुंद जागेत पोट आत घेऊन बाहेर पडावं लागतं. पूजेच्या दिवशी बॉनेटवर काढलेलं कुंकवाचं स्वस्तिक कितीही पुसलं तरी पूर्ण गेलं नाही, त्याची फिकट गुलाबी खूण अजून आहे. मला तीही आवडते. सकाळी क्लासला निघताना मी वळून एकदा गाडीकडे बघते, आणि संध्याकाळी लावून झाल्यावर परत एकदा. कुणी हसलं तर हसू दे. माझी गाडी आहे, मी बघणार.

या सगळ्या कौतुकात एकच खोट होती. आई गाडीत बसत नव्हती.

बसली होती ती फक्त पूजेच्या दिवशी. आमची वरळीची चाळ पाडून तिच्या जागी टॉवर उभे राहिले आणि आम्हाला घराबरोबर खाली गाडीची जागाही मिळाली, तेव्हा सगळ्यात जास्त आनंद आईलाच झाला होता. गाडी आली त्या दिवशी तिने नारळ फोडला, चाकांखाली लिंबं ठेवली आणि सगळ्या मजल्यांवरची माणसं जमलेली असताना ऐटीत पुढच्या सीटवर जाऊन बसली. पेढे वाटून झाले, आणि तिला उतरता येईना. सीट जमिनीला टेकल्यासारखी, आईचे गुडघे संधिवाताचे. दोनदा तिने जोर केला आणि दोनदा परत आत बसली. शेवटी माझ्या भावाने एक हात धरला, वॉचमनने दुसरा, आणि तिला ओढून काढलं. निऱ्या सुटल्या. कुणीतरी मोबाईलवर ते टिपत होतं, आणि सगळे हसत होते. वाईट मनाने नव्हे, पण हसत होते. मीसुद्धा हसले होते.

त्यानंतर तिने गाडीचं नाव 'डबी' ठेवलं. डॉक्टरकडे जायचं असो की दादरला साडी बघायला, ती टॅक्सी करायची. 'माका नको तुझी ती डबी,' एवढंच तिचं मालवणीतलं उत्तर. मला वाटायचं, तिला गाडीच पसंत नाही. एकट्या बाईची, एकटीपुरती गाडी. तिला चार दारांची, सहा माणसांची हवी असणार. राग यायचा. लेकीने स्वतःच्या कमाईवर आणलेली वस्तू आईने एकदा तरी मिरवावी की नाही? मला दुसरं काहीही नको होतं. सगळी मुंबई त्या गाडीकडे वळून बघत होती, आणि मला फक्त आईने शेजारी बसायला हवं होतं.

गणपती जवळ आले तेव्हा भावाने फोनवर जाहीर केलं की मूर्ती तो त्याच्या गाडीतून आणणार. तो डोंबिवलीला राहतो, त्याच्याकडे सात जणांची ऐसपैस गाडी आहे आणि बोलणंही तसंच ऐसपैस आहे. मी म्हटलं, या वर्षी बाप्पा माझ्या गाडीतून येणार.

'ताई, त्या डबीतून? त्याला काय गुडघ्यात मान घालून आणणारेस?'

डबी हा शब्द त्याच्यापर्यंत पोचला होता. मी फोन ठेवला, क्लासमधली लाकडी पट्टी घेऊन खाली गेले आणि सीटपासून छपरापर्यंत माप घेतलं. मूर्ती दोन फुटांची सांगितलेली. व्यवस्थित बसत होती. वर येऊन आईला म्हटलं, 'बसतोय बाप्पा. पण मूर्ती मांडीवर घेऊन कोणीतरी बसायला पाहिजे.'

आई नारळ खवत होती. मान वर न करता म्हणाली, 'मी बसान.'

मला वाटलं, मीच चुकीचं ऐकलं. आमच्याकडे गणपती आणायला पुरुष जातात. डोक्यावर टोपी, हातात पाट. बायका दारात तांब्या, भाकरतुकडा आणि आरतीचं ताट घेऊन थांबतात. वडील होते तेव्हा ते आणायचे, नंतर भाऊ. आई कधीच गेली नव्हती.

'तुला तर गाडी आवडत नाही.'

'कोण म्हणता आवडणा नाय?' तिने खवणी बाजूला सारली. 'बसूक येता गो माका. उठूक येणा नाय. त्या दिवशी सगळ्या बिल्डिंगीन माझो तमासो बघितलो.'

'मग आता?'

'आता गणपती येतलो मां? तो येता तेव्हा माणसां त्येका बघतत. म्हातारेक कोण बघता?'

मी खवणी उचलून धुवायला नेली. तिथे थांबले असते तर रडले असते, आणि आईला रडणं आवडत नाही. एवढे महिने मी तिच्यावर चिडून होते आणि ती बिचारी उतरायची वाट शोधत होती. गणित मी शिकवते, पण हिशेब तिने मांडला होता. सगळ्यांच्या नजरा मूर्तीवर, मूर्ती भावाच्या हातात, आणि तेवढ्यात ती हळूच बाहेर.

चतुर्थीच्या सकाळी आम्ही परळच्या कारखान्यात गेलो. आईने ठेवणीतली हिरवी साडी नेसली होती. भाऊ आपली मोठी गाडी घेऊन मागून आला होता, 'असू दे, लागली तर.' कारखान्याबाहेर ही गर्दी, ढोल, टोप्या, टेम्पो. आई पुढच्या सीटवर बसली, पट्टा लावून घेतला, पदर खोचला आणि हात पुढे केले. भावाने पाटासकट मूर्ती उचलली. कागदाच्या लगद्याची असते आमची, वजनाला हलकी. तोंडावर लाल रुमाल. तो वाकून मूर्ती आत घालायला गेला आणि मुकुट छपराला अडला.

परत प्रयत्न केला, जरा तिरकी करून. परत अडला. बोटभरच, पण अडला.

मी माप रिकाम्या सीटचं घेतलं होतं. पाट धरला नव्हता आणि आईची मांडीही धरली नव्हती. दहावीच्या पोरांना वर्षानुवर्षं 'आकृती काढा, मग गणित सोडवा' असं ओरडून सांगणारी मी.

भावाच्या चेहऱ्यावर सगळं लिहिलेलं होतं. मागून टेम्पोवाला हॉर्न देत होता. 'चल, माझ्या गाडीत ठेवू,' भाऊ म्हणाला. 'आई, तू पण ये तिकडे, आरामात बसशील.'

मला तोंड लपवावंसं वाटलं. मूर्तीही जाणार होती आणि आईही, माझ्याच पट्टीच्या कृपेने.

आईने मला विचारलं, 'ही सीट खाली जाता?'

'जाते. पण आई, मग तर तुला अजूनच...'

'कर खाली.'

मी खाली बसून सीटच्या बगलेतला दांडा दाबायला लागले. आई हळूहळू उतरत गेली. तिचे गुडघे वर आले, डोकं खिडकीच्या काठाशी आलं. 'आणखी,' ती म्हणाली. दांडा अडेपर्यंत मी दाबत राहिले. आता तिला कुणी ओढून काढणंसुद्धा कठीण होतं, आणि ते तिला माझ्याहून जास्त कळत होतं. भावाने मूर्ती आत सरकवली. मुकुट छपराखालून गेला, पाट मांडीवर टेकला, आणि आईने दोन्ही हातांनी बाप्पाला कवटाळलं.

'गणपती बाप्पा मोरया!' हे सगळ्यात मोठ्याने भाऊच ओरडला, ते मी त्याच्या नावावर जमा धरते.

परळहून वरळीपर्यंत मी गाडी अशी चालवली की पायी चालणारे पुढे जात होते. खड्डा आला की आई 'मोरया' म्हणायची आणि मी ब्रेक दाबायची. सिग्नलला थांबलो की गंमत व्हायची. एरवी गणपती टेम्पोत उंचावर असतो, लोक मान वर करून हात जोडतात. आमचा इतका खाली होता की माणसं कमरेत वाकत होती. बाईकवाले वाकले, बसच्या रांगेतल्या बायका वाकल्या, ड्युटीवरचा हवालदारही वाकला. रुमालाखालचा बाप्पा दिसत नव्हता, पण त्याला धरून बसलेली आई दिसत होती. एक बाईकवाला काचेशी वाकून म्हणाला, 'काकू, एक नंबर एन्ट्री!' आईने मान डोलावली, अगदी नेहमीचंच असल्यासारखं. माझी छाती इतकी फुगली होती की स्टिअरिंगला लागली असती.

खाली इमारतीच्या दारात सगळे जमले होते. भावाने मूर्ती काळजीपूर्वक बाहेर काढली. वहिनीने त्याच्या पायांवर पाणी घातलं, भाकरतुकडा ओवाळून टाकला, औक्षण केलं, रुमाल काढला. जोरात गजर झाला आणि अख्खा घोळका मूर्तीमागून लिफ्टकडे वळला. आईने सांगितलं होतं तसंच झालं. एकाही माणसाने मागे वळून पाहिलं नाही.

मी तिच्या बाजूचं दार पूर्ण उघडलं, पाय रोवले आणि दोन्ही हात पुढे केले. 'चल आई. कुणी नाहीये.'

तिने माझ्या हातांकडे बघितलं, मग लिफ्टकडे. मांडीवरच्या साडीची चुणी हाताने सारखी केली. पट्टा तिने सोडलाच नव्हता.

'दार लाव,' ती म्हणाली.

'अगं, वर आरती...'

'गुरुजींक येवक अजून टायम आसा. समुद्राच्या बाजूक घे.' मग माझ्याकडे बघून, जरा आवाज खाली आणून म्हणाली, 'आणि आता जरा पळव. मगाशी मांडयेर देव होतो, म्हणान मी गप रवलंय.'